तीन वाव खालचं गोड पाणी

लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर शाहीननं माझ्यावर सवत आणली. ट्रकमधून आणली आणि अंगणात उतरवून घ्यायला पाच माणसं लागली. कुठल्याशा गॅरेजमधली हवा भरायची जुनी टाकी होती ती. आठ फूट लांब, पोट सुटलेली, अंगभर गंज. "हिच्यात बसून मी समुद्राखाली जाणार," तो म्हणाला. मी म्हटलं, "त्याआधी माझे कपडे कुठे वाळत घालायचे ते सांग." कारण बाईसाहेब नेमक्या माझ्या दोरीखाली येऊन बसल्या होत्या.

आखातातल्या मुहर्रक बेटावरच्या आमच्या गल्लीत बातमी पसरायला दुपारसुद्धा लागली नाही. बायका मला, फहदच्या आईला, दारातूनच विचारायच्या, "उम्म फहद, नव्या नवरीला रंग कुठला देणार?" मी हसून म्हणायचे, "पिवळा, हेव्याचा रंग. माझ्याऐवजी तिच्याच अंगावर दिसू दे." आणि आत येऊन भांडी आपटायचे. गोदीत तीस वर्षं जहाजं जोडत बसलेला नवरा निवृत्त झाल्यावर दोन वेळा घरात बसून जेवेल, मक्केला घेऊन जाईल, एवढीच माझी अपेक्षा होती. तो तर पहाटेच्या नमाजानंतर जो टाकीत शिरायचा, तो मी मजबूसचं, मांस घातलेल्या भाताचं, पातेलं कढईच्या झाऱ्यानं बडवलं की मगच बाहेर यायचा.

त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं, म्हणून तर राग धड येत नसे.

आमच्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. खाऱ्या पाण्याखाली, वाळूतून, गोड पाणी उसळत वर यायचं. नळ नव्हते तेव्हा माणसं होडीतून जायची, एकजण दगड पायाला बांधून खाली उतरायचा, झऱ्याच्या तोंडाला बकऱ्याच्या कातड्याची मसक लावायचा आणि भरून आणायचा. शाहीनचा बाप, जुमा, मोत्यांच्या जहाजावरचा पाणबुड्या होता. मोत्यांचे दिवस संपल्यावर तो घरासाठी असं पाणी आणायचा. त्याचा स्वतःचा एक झरा होता, तीन वाव खाली, म्हणजे दोन हात पसरून तीनदा मोजावं इतक्या खोल. कुणाला न सांगितलेला.

शाहीन नऊ वर्षांचा असताना बाप त्याला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेला. दोर त्याच्या हाती दिला. पाणबुड्याचा जीव वरच्या माणसाच्या हातात असतो; खालून हिसका आला की ओढायचं, एवढाच नियम. उतरण्याआधी जुमानं सांगितलं होतं, "झऱ्यावर गेलं की अंग जड होतं. झरा पाय धरून खाली ओढतो. दोर सरकन जाईल. तो हिसका नव्हे, घाबरायचं नाही." दोर सरकन गेला. पोरगं घाबरलं. सगळा जीव एकवटून त्यानं बापाला वर ओढलं, आणि अर्धवट भरलेली मसक बापाच्या हातातून सुटून गेली. जुमा रागावला नाही. होडीच्या काठाला धरून खोकत होता, आणि म्हणाला, "होतं असं. पुढच्या खेपेला." पुढची खेप आलीच नाही. त्याच वर्षी गल्लीत नळ आला आणि दोन वर्षांनी जुमा छातीच्या दुखण्यानं गेला.

ही गोष्ट शाहीननं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली. तेव्हा तो सहज सांगितल्यासारखा बोलला होता. पुढे मी पाहिलं, तहान लागून पाण्याचा पेला तोंडाला लावला की पहिल्या घोटानंतर तो नेहमी थोडा थांबतो, आणि मग उरलेलं पितो. इतकी वर्षं तो त्या पेल्यात काय शोधत होता, ते मला सांगायची गरज नव्हती.

स्वतः बुडी मारणं त्याला शक्य नव्हतं. तरुणपणीच एका कानाचा पडदा फाटला होता. डोकं पाण्याखाली गेलं की त्याला भोवळ यायची. म्हणून ही लोखंडी बाई. तिच्या पोटात बसून, कोरड्या अंगानं खाली जायचं.

त्यानं ती कशी बांधली ते मला रोज ऐकावं लागलं, त्यामुळे आता मलाही एक बांधता येईल. टाकीच्या नाकाशी वीतभर रुंद गोल छेद करून चार बोटं जाडीची प्लास्टिकची काच बसवली. वर झाकण, झाकणाला रबराचं कडं, आणि त्यातही एक लहानशी काच, वर बघायला. दोन्ही कुशींना दोन पिंपं: त्यांत पाणी घेतलं की बाई खाली, बाटलीतली हवा सोडून पाणी हाकललं की बाई वर. पोटाखाली शिशाचा एक मोठा गोळा, आतून खिट्टी काढली की तो गळून पडणार आणि बाई बुचासारखी वर येणार. हे मी तीन वेळा करून दाखवायला लावलं, तेव्हा कुठे पुढचं काम सुरू होऊ दिलं.

चालवायचं कसं, यात मात्र चार महिने गेले. आधी त्यानं फहदच्या जुन्या सायकलची पायडलं आत बसवली. किनाऱ्यालगत कंबरभर पाण्यात पहिली चाचणी झाली. दहा मिनिटांत तो घामाघूम, काच वाफेनं आंधळी, आणि पंख्याच्या दांड्याच्या भोकातून पाणी आत. बाहेर आला तेव्हा धापा टाकत होता.

"एवढी हवा मी बाळंतपणातसुद्धा घेतली नव्हती," मी म्हटलं.

"दम लागतो म्हणजे हवा लवकर संपते," तो म्हणाला, जणू माझ्याशी नाही, टाकीशीच बोलत होता. "पाय नकोत. मोटार हवी."

मग कोळ्यांच्या लहान होड्यांना लावतात तसल्या विजेवरच्या दोन मोटारी आल्या. त्या बाहेरच, दोन बाजूंना बसवल्या, म्हणजे टाकीला भोक नको. आत फक्त तारा आणि दोन बटणं. डावी बंद केली की डावीकडे वळण, उजवी बंद केली की उजवीकडे. मोटारीत पाणी शिरू नये म्हणून त्या तेलानं काठोकाठ भरायच्या असतात, हे मला माझ्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा रिकामा सापडला तेव्हा कळलं. शिवाय आत एक नळ. हो, नळ! माझ्या मोरीतला जुना पितळी नळ त्यानं काचेखाली बसवला, बाहेरून नळी जोडून.

"जगात सगळे लोक होडीत पाणी येऊ नये म्हणून धडपडतात," मी म्हटलं, "आणि तू आत नळ घेतोस?"

"खाली गेल्यावर प्यायचं कसं मग?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

वजन तोलायच्या वेळी त्यानं मला आत बसवलं, कारण त्याला बाहेर उभं राहून पाहायचं होतं. तीन संध्याकाळी मी उथळ पाण्यात तिच्या पोटात बसून राहिले आणि तो बाहेरून ओरडायचा, "डावं बटण! आता पिंप! पुरे, पुरे!" बाई तरंगायलाही नको आणि बुडायलाही नको, मधोमध लोंबकळायला हवी. त्याचं वजन माझ्यापेक्षा कमी, म्हणून शिसं संपलं तेव्हा शेवटचा तोल त्यानं स्वतः आत बसून बापाच्या दगडानं साधला. जुमा पायाला बांधायचा तोच दगड, वर भोक पाडलेला. तिच्या पोटाखाली तो टांगल्यावर बाई इतकी नेमकी तोलली गेली की शाहीन म्हणायचा, "मी मूठभर खजूर जास्त खाल्ले तर बुडेन." मी खजुराचा डबा कपाटात ठेवला.

शुक्रवारमागून शुक्रवार तो खाली जाऊ लागला. बू गानिम नावाचा त्याचा जुना दोस्त आपल्या मासेमारीच्या होडीमागे बाईला ओढत न्यायचा. बाईला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक होडीतल्या जाळी ओढायच्या चरख्यावर. शाहीन आतून पान्यानं दोनदा ठोकायचा: ठीक आहे. सारखं ठोकत राहिला तर: ओढा. आत हवा वीस मिनिटांची, म्हणून माझं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ बू गानिमच्या गळ्यात.

अकरा शुक्रवार झाले. झरा नाही. नुसती वाळू, गवत आणि एक टायर.

आणि तिकडे उत्तरेकडून वाळू ओतणारी जहाजं सरकत येत होती. समुद्र भरून तिथे बेट होणार, बेटावर बंगले होणार. आमच्या गच्चीवरून त्यांचे पाइप दिसायचे, दिवसभर चिखलाची कमान टाकत असलेले. बू गानिमनं येऊन सांगितलं, "दोन आठवडे. फार तर तीन. त्यानंतर तुझ्या बापाच्या झऱ्यावर कुणीतरी मोटार उभी करेल."

त्या दुपारी शाहीन जेवला नाही. मासा तसाच ताटात.

"झरा आटला असेल," मी म्हटलं. "सगळे म्हणतात. एवढ्या विहिरी खणल्या लोकांनी."

"आटला असेल तर आटलेला दिसू दे. खड्डा तरी दिसेल. मी जागा चुकणं शक्य नाही. बाबांच्या खुणा मला पाठ आहेत."

"कुठल्या खुणा?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे समुद्रातल्या खुणा बाप मुलाला सांगतो, तेही होडीत, भोवती पाणी असताना. घरात बोलायच्या नाहीत, बायकांसमोर तर नाहीच. बायका विहिरीवर बोलतात म्हणे. चौतीस वर्षं मी या माणसाचे मोजे धुतले, आणि त्याला माझ्याबद्दल ही शंका! माझं डोकं फिरलं.

"ठेव तुझ्या खुणा कबरीत," मी म्हटलं. "जहाजं वाळू ओततील तेव्हा त्यांनाच सांग."

त्यानं मासा ताटाच्या कडेला सारला. मग हळू आवाजात, जुमा ऐकत असल्यासारखा, म्हणाला, "होडीतून पाहताना किल्ल्याचा बुरूज पांढऱ्या कबरीच्या घुमटावर आला पाहिजे. आणि मशिदीचा मिनार, मागच्या, घरात वारा ओढणाऱ्या मनोऱ्याच्या डाव्या कडेला चिकटला पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की खाली झरा."

"कुठला मिनार?"

"अगं, तुझ्या माहेरच्या घरामागच्या मशिदीचा. आणखी कुठला?"

मला आधी हसूच आलं. मग एकदम लक्षात आलं. "शाहीन, तो मिनार नवा आहे."

"रंग नवा आहे."

"मिनार नवा आहे! जुना आमच्या बाजूच्या कोपऱ्यात होता. दुपारनंतर त्याची सावली आमच्या गच्चीवर पडायची, आई तिच्यात पाण्याचा माठ ठेवायची. मी सोळा वर्षांची असताना मशीद पाडून नव्यानं बांधली आणि मिनार नेला पलीकडच्या कोपऱ्यात. माठ तापायला लागला म्हणून आई महिनाभर इमामसाहेबांच्या नावानं बोटं मोडत होती. तू तेव्हा तेलाच्या जहाजावर होतास."

मशिदीच्या दोन कोपऱ्यांमध्ये तीसेक पावलांचं अंतर. पण तेवढ्या दूर समुद्रात गेल्यावर तीस पावलांची चूक कुठल्या कुठे जाते, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"चौतीस वर्षं आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"चौतीस वर्षं आधी का नाही विचारलंस?"

पुढच्या शुक्रवारी मी होडीत होते. जुना कोपरा दाखवायला मीच हवी होते. शिवाय बू गानिमच्या खांद्यानं दगा दिला होता, त्याला होडी आणि चरखा जमत होता, दोर हातानं सोडणं जमत नव्हतं. अंगभर काळ्या झग्यात, अबायात, हातात कोळ्याचे रबरी मोजे घालून मी बसले. "उम्म फहद, तुम्ही शोभता," बू गानिम म्हणाला. "जुमाच्या वेळी असत्या तर जहाजावर घेतलं असतं." मी त्याला पुढे बघून होडी हाकायला सांगितलं.

मिनाराकडे बघायचं नाही, त्याच्या डावीकडची रिकामी जागा बघायची, हे फार अवघड गेलं. पण गच्चीवरचा तो माठ मला स्पष्ट आठवत होता. त्याच्यावरून मी हवेत मिनार उभा केला आणि ओरडले, "आता!" बुरूज घुमटावर आलेला होता. वाळूची जहाजं इतकी जवळ होती की त्यांच्यावरच्या माणसांच्या टोप्या दिसत होत्या.

शाहीन आत बसला. झाकण लावण्याआधी त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. "घड्याळ लाव," म्हणाला.

दोराला प्रत्येक वावेला गाठ होती. पहिली गेली, दुसरी गेली. ठक ठक. मग दोर तसाच, तिरका, संथ सरकत राहिला. तो दोन वावांवर तळ बघत फिरत होता. ठक ठक. पाच मिनिटं. ठक ठक. सात.

आणि दोर सरकन खाली गेला.

मोज्यातून हाताला चटका बसला. तिसरी गाठ गेली, तिच्यामागे चौथी. चार वाव! तिथे तर तीनच वाव पाणी होतं. मग दोर ताठ उभा राहिला आणि खालून काहीच आवाज नाही.

"पाणी शिरलं," बू गानिम म्हणाला. त्याचा हात चरख्यावर होता. "उचलतो."

"थांबा."

"उम्म फहद, जड झालीय ती! ओढायला सांगायलाही उसंत मिळाली नसेल त्याला!"

"थांबा म्हणते ना!"

मी हे कुठल्या बळावर बोलले, मला माहीत नाही. नऊ वर्षांचा मुलगा मला दिसत होता, दोर कवटाळून बसलेला. खारं पाणी उचलून धरतं, गोडं पाणी सोडून देतं. अंडं मिठाच्या पाण्यात तरंगतं आणि साध्यात बुडतं, एवढंच त्यात आहे, शाहीननं मला शंभरदा सांगितलं होतं. पण पाणी शिरलेली टाकीही तशीच बुडते. दोर हातात धरून फरक कळत नाही. त्या चार मिनिटांत मी माझ्या नवऱ्याला पुरलं, त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, फहदला फोन केला, आणि स्वतःला शिव्या दिल्या. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. पण दोर ओढला नाही.

मग ठोकल्याचा आवाज आला. दोनदा नाही. सारखंही नाही. ठक, ठक-ठक, ठक, आणि मध्येच एक लांब विसावा. बू गानिमचं तोंड उघडंच राहिलं. मोत्यांच्या जहाजावर वल्ही मारताना टाळ्यांचा जो ताल धरायचे, तो होता. शाहीन मेला नव्हता, समुद्राच्या तळाशी बसून ताल धरत होता! बू गानिमनं होडीच्या फळीवर हातानं साथ द्यायला सुरुवात केली आणि मी तोंडावर अबायाचं टोक घेऊन रडले.

घड्याळ वाजायला तीन मिनिटं असताना हवेचे बुडबुडे आले आणि मागोमाग पिवळी पाठ. झाकण उघडलं.

"आहे," शाहीन म्हणाला. मग एकदम सगळं: वाळू भातासारखी उकळतेय, काचेसमोर पाणी थरथरतंय, जसं चुलीवरच्या हवेत पलीकडचं दिसतं ना तसं, खाली खड्डा आहे, बाई आपसूक त्यात उतरली, "मी बटणाला हातसुद्धा लावला नाही, मुनीरा, तिनंच ओढलं!" त्याच्या हातात गुलाबपाण्याची जुनी बाटली होती, भरलेली.

बू गानिमनं घोट घेतला. "साखर," म्हणाला. तो नेहमीच खोटारडा.

मी घेतला. "खारट आहे," मी म्हटलं. "पण समुद्राइतकं नाही. निम्मं आपलं आहे."

शाहीननं घोट घेतला. थांबला. आणि मग थांबलाच नाही, अर्धी बाटली प्यायला.

उरलेल्या पाण्याचा होडीतल्या स्टोव्हवर चहा केला. भयंकर लागला. तिघांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. वाळूच्या जहाजावरचा एक माणूस हात हलवून आम्हाला बाजूला व्हायला सांगत होता.

"दोर गेला तेव्हा," शाहीन पेल्यात पाहत म्हणाला, "ओढला का नाहीस?"

"त्या दिवशी दोर धरणारा नऊ वर्षांचा होता," मी म्हटलं. "मी चौपन्नची आहे."

त्यानं मान खाली घातली. खांदे हलत होते. पन्नास वर्षं त्यानं ते आत धरून ठेवलं होतं आणि मी त्याला शांत करायला गेले नाही, रडू दिलं. नंतर त्यानं बाहीनं तोंड पुसलं, उठला, आणि बाईच्या पोटाखाली हात घालून जुमाचा दगड सोडवू लागला.

"हे काय?"

"आता तू जा. झाकण एवढा वेळ उघडं होतं, हवा ताजी आहे. बटणं तुला माहीत आहेत."

"आणि दगड का काढलास? मी जाड आहे म्हणून?"

"तुला त्याची गरज नाही म्हणून."

बू गानिम दुसरीकडे बघून हसत होता. मी अबाया गुंडाळला आणि सवतीच्या पोटात उतरले. शाहीननं दगड आपल्या दोन पावलांमध्ये ठेवला आणि दोर हातात घेतला.

"अंग जड झालं तर घाबरू नकोस," तो म्हणाला.

"मी नाही घाबरत. तू घाबरू नकोस."

"नाही," तो म्हणाला. "या वेळी घाई करणार नाही."

मी झाकण लावलं, पिंपात पाणी घेतलं. झाकणातल्या काचेतून वर पाहिलं तेव्हा पाणी काचेवर चढत होतं. त्याचे दोन्ही हात दोरावर होते, आणि दोर सैल होता.